स्वतःचा क्यू

लिफ्टवाल्याचे हात कधीच पुरते स्वच्छ व्हायचे नाहीत. तो घासायचा नाही असं नाही. साबण, लिंबाची साल, जुना टूथब्रश, कोणीतरी सांगितलं म्हणून साखर आणि तेल, सगळं करून झालं होतं. पण उमेदीची सगळी वर्षं ज्यानं लिफ्टच्या दोरांना वंगण लावण्यात घालवली, त्याच्या तळहातात ते वंगण घर करूनच बसतं. हात बघून भविष्य सांगणाऱ्याला त्याच्या रेषा वाचायला चष्मा लागला नसता, इतक्या त्या काळ्याभोर होत्या. भविष्य मात्र काही विशेष निघालं नसतं.

माणूस एकटा होता. लग्न राहून गेलं. म्हणजे कोणी नाही म्हटलं असं नाही. आधी आईचं आजारपण, मग धाकट्या भावाचं शिक्षण, आणि मग एक दिवस लक्षात आलं की लोकांनी विचारायचंच सोडून दिलंय. भाऊ शिकून परदेशी गेला तो तिकडचाच झाला. थोरली बहीण दूरच्या शहरात असायची आणि दर रविवारी फोन करायची. ती बोलायची, हा "हं" म्हणायचा. काम लिफ्टदुरुस्तीचं, तेही असं की दिवसभर माणसांच्या मधोमध राहून माणसाशी गाठ नाही. लिफ्ट चालू असली तर त्याची कोणाला आठवण नाही, आणि बंद पडली तर लोक भांडतात तेही त्याच्याशी नाही, लिफ्टशी.

म्हणून संध्याकाळी तो पूल खेळायला जायचा.

टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर तो हॉल होता. पुढच्या खोलीत दोन जुनी टेबलं, आणि काचेच्या दारापलीकडे आतल्या खोलीत तीन नवी. आतली टेबलं, ज्यांचा चेंडू मारायचा स्वतःचा क्यू आहे त्यांची. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण काउंटरवर बसणाऱ्या मावशीचा तसा दंडक होता. ही मावशी लहान-थोर सगळ्यांना अरे-तुरे करायची आणि तिच्यापुढे कोणाची टाप नव्हती. पुढच्या खोलीत एक पत्र्याचं पिंप होतं, त्यात हॉलचे क्यू उभे केलेले असायचे. एक वाकडा, एकाचं टोक हलतंय, एकाला टोकच नाही. या असल्या काठ्यांनी आतल्या नव्याकोऱ्या कापडाचे तीनतेरा वाजतील, ही तिची धास्ती, आणि ती काही खोटी नव्हती. तरुण पोरं त्यातलाच कुठलाही ओढून घ्यायची आणि चेंडू भलतीकडे गेला की टेबलाला शिव्या घालायची.

एकच क्यू धड होता. तो मावशी काउंटरमागे ठेवायची आणि मागणाऱ्याचं तोंड बघून द्यायची. एका संध्याकाळी लिफ्टवाल्यानं तो मागितला, आणि त्याच क्षणी शेजारी उभ्या असलेल्या जाडजूड माणसानंही मागितला. हा माणूस खालच्या चौकातला बेकरीवाला. पहाटेपासून भट्टीपुढे उभा, दुपारी झोप, संध्याकाळी मोकळा. दोघंही सज्जन. "तुम्ही घ्या", "नाही, तुम्ही घ्या" असं इतका वेळ चाललं की मावशीचं डोकं फिरलं.

"खेळायचं एका वेळी एकानंच ना रे? मग दोघं मिळून वापरा. नाहीतर कोणालाच देत नाही, जा."

तेव्हापासून दोघं एकाच क्यूनं खेळायला लागले. एकाचा नेम चुकला की त्यानं क्यू दुसऱ्याच्या हातात द्यायचा. ठरवून कधी भेटले नाहीत. कोण कुठं राहतो हे एकमेकांना माहीत नव्हतं. लिफ्टवाला कामावरून यायचा, बेकरीवाले बाकावर बसलेले असायचे, आणि मावशी न विचारता क्यू काउंटरवर ठेवायची, एवढंच. पण त्या एवढ्यावर लिफ्टवाल्याचा अख्खा दिवस टेकलेला असायचा.

कारण बेकरीवाले क्यू देताना काहीतरी बोलायचे. नुसताच क्यू कधी दिला नाही त्यांनी. "घ्या, आज यीस्टनं दगा दिला, सगळे पाव बसले." किंवा, "बायकोनं केस कापले आणि माझ्या लक्षातच आलं नाही. सकाळपासून घरात अबोला आहे." किंवा, "भट्टीचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते. क्षणभर काहीच दिसत नाही. तेवढाच माझा आराम." लिफ्टवाला "हं" म्हणायचा आणि नेम धरायचा.

तो मख्ख होता म्हणून नव्हे. त्याला बोलायचं काय ते वेळेवर सुचायचंच नाही. सुचायचं घरी गेल्यावर. गॅसवर भात ठेवला की त्याला एकदम उत्तर सापडायचं, आणि तो भातालाच सांगायचा, "अहो, मग फुलं तरी न्यायची घरी जाताना!" किंवा भांडी घासता घासता म्हणायचा, "माझंही तसंच आहे बघा. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं की वरचं काही ऐकू येत नाही." अशी त्याची अर्धी रात्र बरी जायची. बेकरीवाल्यांना अर्थातच यातलं काही ठाऊक नव्हतं.

आता झालं असं, की एका संध्याकाळी लिफ्टवाल्याचा चेंडू चुकला, त्यानं क्यू दिला, आणि सहज मागं वळून बघितलं, तर बेकरीवाले खिशातला रुमाल काढून क्यूची मूठ पुसत होते. चांगली खालपासून वरपर्यंत, निगुतीनं. पुढच्या पाळीला लिफ्टवाल्यानं डोळ्यात तेल घालून पाहिलं. पुन्हा तेच. म्हणजे इतके दिवस हा माणूस आपल्या हाताचं वंगण पुसत होता, आणि भिडस्तपणानं तोंडातून अक्षर काढत नव्हता! त्या दिवशी त्यानं घरी जाऊन हात इतके घासले की कातडी सोलवटली.

सकाळपर्यंत त्यानं मनाशी ठरवून टाकलं. स्वतःचा क्यू घ्यायचा. हॉलचा तो धड क्यू बेकरीवाल्यांनी एकट्यानं वापरावा, कोरडा, स्वच्छ. पुसायला नको, संकोच नको.

रविवारी बहिणीला हे सांगितलं तर ती घाबरलीच. "काठी? अरे, गुडघे गेले का तुझे? मला बोलला नाहीस ते!"

"चालायची नाही गं ताई. पूल खेळायची."

"अगंबाई. मग घे की. पण कोणाबरोबर खेळतोस तू?"

"आहेत एकजण," तो म्हणाला, आणि ताईनं पुढं काही विचारायच्या आत त्यानं तिच्या नातवंडांची चौकशी सुरू केली.

क्यूचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. अरुंद आणि लांबलचक. भिंतींवर दोन्ही बाजूंना क्यू लावलेले, एका टोकाला सरावासाठी एक छोटं टेबल, आणि दुकानदार इतका बोलका की गिऱ्हाइकानं तोंड उघडायची गरजच पडू नये. लिफ्टवाल्याला असली माणसं बरी वाटायची.

"पहिलाच क्यू? छान. मग आधी ऐका. हे इकडचे आहेत ना, हे दिसायला झकास, पण वरून नुसता रंग फासलाय. दमट हवेत ठेवलात तर केळ्यासारखे वाकतील. आणि ते तिकडचे, काचेच्या कपाटातले, ते बघायला या कधीही, बघायला काही पडत नाही."

कपाटातले क्यू खरोखर देखणे होते. मुठीवर शिंपल्याची नक्षी, चकाकणारी कडी. त्यातला एक लिफ्टवाल्याला परवडलाही असता. एकट्या माणसाचा खर्च तो काय असतो? पण असला क्यू घेऊन आपण त्या जुन्या टेबलापाशी उभे राहिलो तर बेकरीवाल्यांना काय वाटेल? हॉलची काठी हातात धरलेला माणूस आपल्यापुढे ओशाळेल. आणि अगदी स्वस्तातला घ्यावा, तर तो हॉलच्या क्यूपेक्षाही वाईट निघायचा. मग तेच म्हणणार, "राहू द्या हो, हाच घ्या," आणि पुन्हा ते पुसणं आलं. चांगला हवा, पण मिरवणारा नको. डोळ्यात भरू नये आणि हाताला दगा देऊ नये. असा मधला क्यू निवडणं हे बाकी दोन्हींपेक्षा कितीतरी अवघड काम होतं, आणि त्यासाठी त्यानं दुकानाचा उंबरठा झिजवला म्हटलं तरी चालेल.

पहिल्या खेपेला नुसतं वजनच ठरलं. दुकानदारानं एकामागून एक क्यू हातात दिले. हलका क्यू त्याच्या हातात पिसासारखा भरकटायचा. दिवसभर लोखंडी पाने आणि साखळ्या उचलणारा हात, त्याला हाती काही आहे असं वाटायचंच नाही. फार जड घेतला तर चेंडू पॉकेटमध्ये जाऊन उलट बाहेर उसळायचा. शेवटी एकोणीस औंसावर दोघांचं एकमत झालं. दुसऱ्या खेपेला सरळपणा. लिफ्टवाल्यानं क्यू टेबलावर लोळवून बघितला, हॉलमध्ये सगळे बघायचे तसा. दुकानदार हसला.

"लोळवून काय कळतंय? डोळ्याला लावा. असा, बंदुकीसारखा. आता हळूहळू फिरवा. रेघ हलली?"

हे लिफ्टवाल्याला लगेच जमलं. लिफ्टचे रूळ सरळ आहेत का ते बघण्यातच त्याचा जन्म गेला होता. त्यानं चार क्यू बाजूला काढले आणि पाचवा हातात धरून राहिला. साध्या फिक्या लाकडाचा, दोन तुकड्यांचा, मध्ये घट्ट बसणारे आटे. नक्षी नाही, कडी नाही. टोकाचं चामडं फार मऊ नाही, फार कडक नाही. सरावाच्या टेबलावर त्यानं एक चेंडू मारला, आणि त्या फटक्याचा आवाज असा काही स्वच्छ आला की दुकानदारसुद्धा बोलायचं थांबला.

"हा घ्या," तो म्हणाला. "डोळे मिटून घ्या. पुढं कधी टोक बदललं की झालं, बाकी हा तुमच्याबरोबर म्हातारा होईल."

"मुठीवर हा जो दोरा गुंडाळलाय," लिफ्टवाला हळूच म्हणाला, "त्याला तेलाचे डाग पडले तर दिसतील?"

दुकानदारानं त्याच्या हातांकडे बघितलं, पण भला माणूस, दाखवलं नाही. "ह्यातच काळ्या दोऱ्याचा येतो. मागवतो मी. पुढच्या आठवड्यात या. तुम्ही क्लबात खेळता की मित्राबरोबर?"

"मित्राबरोबर," लिफ्टवाला म्हणाला.

हा शब्द त्यानं कितीतरी वर्षांत वापरला नव्हता. म्हणून टाकला आणि कान गरम झाले. बेकरीवाल्यांना न विचारता आपण त्यांना मित्र करून टाकलं, हे जरा जास्तच झालं असं त्याला वाटलं. पण दुकानातून बाहेर पडल्यावर तो रस्त्यानं तोच शब्द मनात घोळवत गेला, आणि स्वतःचं वळण चुकून पुढं गेला.

मग एका संध्याकाळी काळ्या मुठीचा क्यू घेऊन तो हॉलमध्ये शिरला. बेकरीवाले बाकावर होतेच. त्यांनी लांबट पिशवी बघितली आणि उठून उभे राहिले.

"वा! स्वतःचा? बघू तरी."

लिफ्टवाल्यानं दोन तुकडे जोडले. बेकरीवाल्यांनी क्यू दोन्ही हातांत तोलला, डोळ्याला लावला, मान डोलावली. "फार सुंदर आहे हो. अगदी बेताचा. उगाच थाटमाट नाही." लिफ्टवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग बेकरीवाल्यांनी खिशातला रुमाल काढला, त्या कोऱ्या करकरीत, अजून कोणीही न वापरलेल्या क्यूची मूठ खालपासून वरपर्यंत निगुतीनं पुसली, आणि क्यू परत दिला. मग खडू उचलला, तोही पुसला. मावशीनं ठेवलेला चहाचा कप उचलला, त्याचा कान पुसला.

लिफ्टवाला बघतच राहिला. वंगणाचा काही संबंधच नव्हता. त्या माणसाला हातात येईल ती वस्तू पुसायची सवय होती. बेकरीत ट्रे पुसतात, सुरी पुसतात, काउंटर पुसतात, तसंच हे. क्यू देतानासुद्धा ते पुसूनच देत असणार. आपण फक्त घेताना बघितलं. एवढ्यासाठी आपण इतका खटाटोप केला! त्याला हसू यायला हवं होतं. पण समोर नवा क्यू होता, आणि आता तो कशासाठी आणला हे सांगायची सोय उरली नव्हती.

खेळ झाला. नव्या क्यूनं खेळ चांगलाच झाला. एकाचा नेम चुकला की तो बाजूला व्हायचा आणि दुसरा आपला क्यू घेऊन पुढं यायचा. कोणी कोणाजवळ जायचं कारणच नव्हतं. लिफ्टवाला वाट बघत होता, आता काहीतरी बोलतील, आता बोलतील. पण बेकरीवाल्यांचं बोलणं त्या देण्याघेण्याला चिकटलेलं होतं, आणि ते तुटल्यावर त्यांनाही ते कुठून सुरू करायचं हे कळत नसावं. एकदा "छान मारलात" म्हणाले. डाव भराभरा संपले. बेकरीवाले नेहमीपेक्षा लवकर उठले. "चला, तुम्ही आता आतले झालात," असं हसून म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. पुढे कामानं लिफ्टवाल्यालाच उशीर होत गेला. आणि नंतर तो वेळेवर पोचला तर पुढच्या टेबलावर बेकरीवाले एका रंगाऱ्याबरोबर खेळत होते. नवाच माणूस, नखांत पांढरा रंग. दोघांत तोच एक क्यू. रंगाऱ्याचा चेंडू चुकला, बेकरीवाल्यांनी खेळून त्याला क्यू परत दिला, देताना काहीतरी म्हणाले, आणि रंगारी मान मागं टाकून खो खो हसला.

लिफ्टवाल्याला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. आपण कधी हसलो नाही, हे त्याला तेव्हाच कळलं.

"आत जा की रे," मावशी म्हणाली. "मधलं टेबल मोकळं आहे."

तो आत गेला. आतल्या खोलीत उजेड चांगला, कापड गुळगुळीत, आणि माणसं आपापल्या खेळात अशी बुडालेली की कोणी मान वर करायचा नाही. त्याच्या क्यूची कोणीतरी चौकशी केली, त्यानं उत्तर दिलं, संपलं. तो एकटाच चेंडू लावायचा आणि एकटाच पाडायचा. काचेतून पुढची खोली दिसायची, ऐकू यायची नाही. बेकरीवाल्यांचे ओठ हलताना दिसले की तो अंदाज बांधायचा, काय म्हणाले असतील. घरी भात शिजायचा आणि उत्तर द्यायला काही नसायचं. क्यूमध्ये खोट काढावी तर तीही निघेना. इतका चांगला क्यू त्यानं निवडला होता. असे बरेच दिवस गेले.

मग एका संध्याकाळी एकाएकी त्याचं त्यालाच असह्य झालं. खेळता खेळता त्यानं अर्धा डाव तसाच टाकला, काचेचं दार ढकललं आणि क्यू हातात घेऊन पुढच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. रंगारी नेम धरत होता. बेकरीवाले बाकावर बसले होते.

"काय लिफ्टवाले, आत कसं काय?"

"टेबलं चांगली आहेत."

"असणारच."

"आत कोणी काही बोलत नाही," लिफ्टवाला म्हणाला.

बेकरीवाल्यांना हे समजलं नाही. "खेळताना कशाला बोलतील?"

"तुम्ही बोलायचात. क्यू देताना."

"मी? मी काय बोलायचो?"

"भट्टीचं दार उघडल्यावर चष्म्यावर वाफ धरते ते. यीस्टचं. वहिनींनी केस कापले ते." लिफ्टवाल्याला थांबता येईना. "तुमच्या सुनेला तुमचा पाव आवडत नाही, ती दुसरीकडून आणून डब्यात लपवते, आणि तुम्ही बघून न बघितल्यासारखं करता, ते."

बेकरीवाले कानापर्यंत लाल झाले. "हे मी सांगितलं? तुम्हाला?" त्यांनी आठवून बघितलं, मनापासून आठवून बघितलं, आणि मान हलवली. "नाही हो आठवत. माझ्या तोंडाला कुठं धरबंध आहे? मी गिऱ्हाइकाशी बोलतो, बेकरीतल्या मांजराशी बोलतो, पीठ मळताना पिठाशी बोलतो."

पिठाशीही. ज्या बोलण्यावर आपण इतके दिवस जगलो ते त्या माणसाच्या लेखी कणीक मळतानाची बडबड होती. आपली जागा त्या मांजरानंतर आणि पिठाच्या आधी कुठेतरी. लिफ्टवाल्याला इतकं वाईट वाटलं की डोळ्यापुढचं टेबल हललं.

"पण तुम्ही तर कधी काही बोलला नाहीत," बेकरीवाले म्हणाले. "नुसतं हं. मला वाटायचं, माणूस कंटाळतो माझ्या पाल्हाळाला. स्वतःचा क्यू आणलात तेव्हा म्हटलं, चला, सुटका करून घेतली बिचाऱ्यानं."

"मी हाताच्या तेलापायी आणला. तुम्ही क्यू पुसायचात म्हणून."

"मी तर सगळंच पुसतो."

"हो. ते नंतर कळलं."

रंगाऱ्याचा नेम केव्हाच चुकला होता आणि तो कान देऊन ऐकत होता. मध्ये पडायला त्याला काही वाटलं नाही. "अहो, हा काळ्या मुठीचा मी वापरून बघू का? नुसता एक डाव?"

"ए!" मावशी काउंटरवरून ओरडली. "दुसऱ्याच्या क्यूला हात लावायचा नसतो, माहीत नाही का रे?"

"घेऊ दे, मावशी," लिफ्टवाला म्हणाला, आणि आपला क्यू रंगाऱ्याच्या हातात दिला. "घ्या हो. बिनधास्त मारा."

मग असं ठरलं की रंगारी एका बाजूला आणि हे दोघं दुसऱ्या बाजूला. रंगाऱ्यानं काळ्या मुठीनं असा काही सपाटा लावला की तोच हरखून गेला. मग लिफ्टवाल्याची पाळी आली, आणि त्याचा नेम साफ चुकला. रंगारी पुन्हा टेबलावर वाकला. लिफ्टवाल्यानं हॉलचा क्यू बेकरीवाल्यांच्या पुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही. "आता तुम्ही बोला काहीतरी. इतके दिवस मीच बोललो."

लिफ्टवाला घरी असता तर त्याला शंभर गोष्टी सुचल्या असत्या. इथं फक्त आजची होती.

"आज एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली," तो म्हणाला. "आत दोघी म्हाताऱ्या बहिणी. अशा वेळी गच्चीवरच्या खोलीत जाऊन चाक हातानं फिरवायचं असतं, मग लिफ्ट इंच इंच वर येते. त्यांचं बोलणं मला वरपर्यंत ऐकू येत होतं. लहानपणचं काहीबाही. विहिरीत पडलेली बादली, वडिलांची शिट्टी, कोण कोणाच्या पाठीवर बसून कुठं गेलं. एक थांबली की दुसरी. मग मी चाक हळू फिरवलं. पटकन आली असती, पण मी हळू फिरवलं. बोलणं संपू नये म्हणून."

इतकं सलग तो कधी कोणाशी बोलला नव्हता.

"त्या घाबरल्या असतील हो," बेकरीवाले म्हणाले.

"असतील."

"असतील काय, घाबरल्याच असणार. माणूस भ्यायला की असंच जुनंपानं आठवत सुटतो. चूक केलीत तुम्ही. पटकन वर घ्यायचं होतं त्यांना."

दार उघडलं तेव्हा दोघींनी एकमेकींचे हात धरले होते. लिफ्टवाल्याला ते प्रेम वाटलं होतं, आणि त्याला हेवाही वाटला होता. आता तो शरमला. आणि त्या शरमेतच त्याला हेही जाणवलं की कित्येक वर्षांत कोणी त्याला "चूक केलीत" असं म्हटलं नव्हतं, कारण त्याची चूक काय नि बरोबर काय, ऐकायलाच कोणी नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

"मग?" बेकरीवाल्यांनी आता क्यू हातात घेतला, पण टेबलाकडे वळले नाहीत. रंगारी त्यांच्या पाळीसाठी खोळंबला होता. "बाहेर आल्यावर काय म्हणाल्या?"

"आभार मानले त्यांनी माझे," लिफ्टवाला म्हणाला.